तिसऱ्या खाटेचा पट्टा

"आधी श्वास सोडा, मग आकडा सांगतो."

हे मास्तरांचं वाक्य. ते रोज सकाळी सहाला माझ्या कानावर पडायचं. अजूनही कुणी अंगाला टेप लावली की माझा श्वास आपोआप बाहेर जातो.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की टेप दिसली की माणूस बदलतो. पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो, हनुवटी वर करतो. त्या वेळी समोर उभा असतो तो माणूस खरा नसतो, त्याला जसं व्हावंसं वाटतं तसा असतो. त्याच्या मापाचे कपडे शिवले की घरी जाऊन पहिल्याच जेवणाला बटण तुटतं आणि शिव्या शिंप्याला बसतात. म्हणून आधी श्वास सोडायला लावायचा. श्वास सुटला की माणूस आपल्या मापावर येतो.

मी त्यांना उभ्यानं कधी भेटलो नाही. आमची ओळख होती तेवढे सगळे दिवस मी आडवा होतो, तेही डोकं खाली आणि पाय वर करून. हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून सावकाश सांगतो.

मी पाणीवाला. आमच्या गावच्या टाकीची किल्ली बावीस वर्षं माझ्या कमरेला होती. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, उंचावरच्या घरांना दाब पुरावा म्हणून सखलातल्यांचं कधी बंद करायचं, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण पाणी पुरतं शिकलो. पुढे टाकीवर आपोआप चालणारे व्हॉल्व्ह बसले आणि माझी किल्ली खुंटीला लागली. त्याच सुमारास शहरातल्या एका संशोधन केंद्राची जाहिरात आली. निरोगी माणसं हवी होती, साठ दिवस नुसती पडून राहायला. मी गेलो. घरी अडवणारं कुणी नव्हतं.

एका लांब खोलीत सहा लोखंडी खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या पायाकडच्या बाजूला लाकडी ठोकळे लावून ती वीतभर उंच केलेली. म्हणजे झोपलं की डोकं सखल आणि पाय उंचावर. जेवायचं कुशीवर वळून, अंघोळ तशाच कललेल्या ढकलगाडीवर, बाकीचे सगळे विधी पडल्या पडल्या. कोपरावर टेकून डोकं वर करायचीही बंदी. दार आमच्या डोक्यामागे होतं. कोण आलं ते पाहायचं तर डोळे कपाळाकडे फिरवावे लागत, आणि येणारा माणूस उलटा दिसे.

हा सगळा खटाटोप आकाशात जाणाऱ्या माणसांसाठी होता. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी खाटांच्या मधोमध उभं राहून समजावलं. पन्नाशीच्या आतल्या, बोलणं तुटक, पण समजावण्याचा कंटाळा नसलेल्या. माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या अंगातलं रक्त-पाणी पायाकडे ओढ घेतं. ते वर ढकलायला हृदय आहे, पोटऱ्यांचे स्नायू आहेत, आणि पायांच्या शिरांमध्ये छोटी छोटी दारं आहेत. ती वर चढलेलं रक्त मागे येऊ देत नाहीत. आम्ही नळाला असलाच व्हॉल्व्ह लावतो, असं मी म्हणालो, तर बाई माझ्याकडे जरा नीट पाहू लागल्या. वर आकाशात, त्या म्हणाल्या, खालची ओढच जाणवत नाही. ढकलणारी यंत्रणा मात्र सवयीनं चालूच राहते. मग पायातलं लिटर-दीड लिटर पाणी छातीत, मानेत, चेहऱ्यात जाऊन बसतं. तोंड सुजतं, पाय काटक्यांसारखे होतात. नाक चोंदतं, जेवणाला चव लागत नाही, कुणाकुणाच्या डोळ्यांवरही त्याचा भार येतो. आणि शरीराची समजूत होते की पाणी फार झालंय, म्हणून ते काही पाणी बाहेर टाकून देतं. मग तो माणूस जमिनीवर परत आला की पाणी पुन्हा पायाकडे धावतं, डोक्याला पुरत नाही, आणि तो उभ्याउभ्या कोसळतो. एवढं सगळं पाहायला प्रत्येक वेळी माणूस आकाशात पाठवणं परवडत नाही. डोकं वीतभर खाली करून झोपवलं तरी पाणी जवळपास तसंच वागतं.

मी मनात म्हटलं, म्हणजे उंचावरच्या वस्तीला पूर आणि सखलातली कोरडी. बावीस वर्षांत मी असं एकदाही होऊ दिलं नव्हतं.

पहिले दोन दिवस आम्हा सहाही जणांची लघवीची भांडी रिकामी करता करता मदतनीस थकले. तिसऱ्या दिवशी चेहरे फुगले. चौथ्या खाटेवर एक बस कंडक्टर होता, तोंडाळ माणूस. तो आरशात पाहून म्हणाला, "बायको आधीच म्हणायची, तुमच्या डोक्यात हवा गेलीय. आता पाणीही गेलं. घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"सुजलेल्या," पाचवा म्हणाला.

आठवडाभर असे विनोद चालले, मग ते आटले. माणसाला आडवं पडून बोलायलासुद्धा काही काळच जमतं. नंतर प्रत्येक जण आपापल्या छताकडे पाहू लागला. माझ्या छताला तीन चिरा होत्या. एकीला मी आमच्या गावची मुख्य वाहिनी मानलं होतं. रोज तिच्यावरून पाणी सोडत जायचो, घरोघर, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचलो की पुन्हा टाकीवर यायचो. भेटायला येणाऱ्यांचा वार ठरलेला होता. कंडक्टरची बायको यायची, पाचव्याचा भाऊ यायचा. माझ्या खाटेजवळचं स्टूल रिकामं असायचं. कुणी तरी ते उचलून दुसऱ्याच्या खाटेशी नेऊन ठेवायचं.

त्या स्टुलावर रोज सकाळी एकच माणूस बसायचा. मास्तर.

त्यांचं दुकान तयार कपड्यांनी खाल्लं होतं. केंद्रात ते आले ते आमचे कपडे शिवायला. आडव्या माणसाला घालता-काढता येतील असे, बाजूनं उघडणारे. मग डॉक्टरबाईंनी त्यांचा हात पाहिला. मापं घेणारी यंत्रं होती, पण यंत्रावर देखरेख म्हणून हाताचं मापही हवं होतं, आणि दोन परिचारिकांनी एकाच पोटरीची दोन मापं काढली होती. मास्तरांनी तीच पोटरी तीनदा मोजली, तिन्ही वेळा आकडा तोच. तेव्हापासून मापं त्यांच्याकडे आली. पोटरी, मांडी, मान. पायांवर शाईचे ठिपके होते, टेप तिथूनच जायची. डॉक्टरबाईंना सेंटिमीटर हवे असत. मास्तर ते त्यांच्या कागदावर लिहीत आणि मग खिशातून आपली वही काढून इंच आणि सूत लिहीत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचा विश्वास सुतावरच होता.

आम्हा सगळ्यांना ते पाहुणे म्हणत. टेप आधी गार लागायची, मग अंगाची ऊब घ्यायची. ते फार बोलत नसत. पण टेप काढल्यावर पोटरीवर क्षणभर हात ठेवत, कापडावरची सुरकुती मोडावी तसा. मला लाज वाटायची सांगायला, पण त्या हातासाठी मी पाच वाजल्यापासून जागा असायचो.

एकदा मी विचारलं, "मास्तर, घरी कोण असतं?"

"घर केंद्राच्या मागेच आहे. धुलाईखान्याला लागून खोली दिलीय," ते म्हणाले. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सकाळी सहाला सहा माणसं माझी वाट पाहतात. दुकान चालायचं तेव्हासुद्धा एवढी पाहत नव्हती."

त्यांना मी यापेक्षा सुखी कधी पाहिलं नाही.

आता पट्ट्याचं सांगतो. सहांपैकी तिघांच्या मांड्यांना पट्टे बांधायचे होते, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या खाटेवरच्या. तिसरी खाट माझी. रुंद इलॅस्टिकचा पट्टा, आतून मऊ सुती अस्तर, बाजूला हूक. मांडीच्या वरच्या भागाला तो बेतानं आवळला की वर निघालेलं थोडं रक्त पायातच थांबतं, तेवढाच डोक्यावरचा भार कमी. वर जाणारी काही माणसं असले पट्टे वापरतात, असं बाई म्हणाल्या. सकाळी आठला बांधायचे, संध्याकाळी सहाला काढायचे. पट्टे मास्तरांनीच शिवले, ज्याच्या त्याच्या मापाचे. काढल्यावर ते धुवायलाही तेच नेत.

एक नियम मात्र बाईंनी सगळ्यांसमोर दोनदा सांगितला. पट्टा पहिल्या दिवशी जसा बसला, तसाच शेवटपर्यंत ठेवायचा. पाय बारीक होतील, पट्टा सैल होईल, होऊ द्या. वर काही शिंपी नसतो. सैल झालेला पट्टा किती दिवस काम देतो, हेच तर पाहायचंय. मास्तरांनी मान डोलावली होती. मी पाहिलं होतं, उलटं.

पाय बारीक झाले. आधी पाणी गेलं, मग कामाविना मांसही झडू लागलं. नवव्या दिवशी दुपारी माझा डावा पट्टा घसरून गुडघ्यापाशी आला आणि मागच्या शिरेत रुतला. संध्याकाळी मास्तर काढायला आले तेव्हा तिथं लाल वळ उठला होता. त्यांनी अंगठ्यानं तो चोळला.

"घसरतोय मास्तर," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पण त्या वेळी तेवढं न बोलता पडून राहिलो असतो, तर ही गोष्ट घडली नसती.

दुसऱ्या दिवशी पट्टा बसला तो असा, की जणू मांडीवरच शिवला होता. मला बरं वाटलं. मी त्याचा विचार केला नाही. आडव्या माणसाला बरं वाटलं की तो विचार करत नाही.

पंधराव्या दिवशी तो पुन्हा सैलावला, सोळाव्याला पुन्हा बसला. बाविसाव्या दिवशी तेच, एकोणतिसाव्या दिवशी तेच. आणि या काळात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत भरली. पहिल्या आणि पाचव्या खाटेचे पट्टे होते, तरी त्यांचे चेहरे दुसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा फुगत गेले. माझा चेहरा माझा राहिला. नाक मोकळं. जेवणातलं मीठ मला कळायचं. डोळ्यांच्या तपासणीतही मी बरा. डॉक्टरबाई दर आठवड्याला सहाही जणांचे फोटो काढत. ते ओळीनं मांडून त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

"तिसरी खाट," त्या म्हणाल्या. "पाय दीड इंच उतरलाय आणि पट्टा अजून पकड धरून आहे. तुमचा पट्टा तयार करताना मास्तरांनी वेगळं काय केलं, ते मला शोधायचंय."

त्यांच्या वरच्या लोकांचं एक पथक पस्तिसाव्या दिवशी येणार होतं. पुढच्या तुकडीबरोबर आकाशात कोणता पट्टा पाठवायचा, ते तेव्हा ठरणार होतं. बाईंच्या मनात माझ्या पट्ट्याचं माप आणि त्याची ठेवण पक्की झाली होती.

तिसाव्या दिवशी सकाळी मास्तर पट्टा बांधत होते. तो गच्च बसला. मी सहज, काही बोलायचं म्हणून बोललो, "धुण्यात आटला वाटतं पट्टा."

त्यांचे हात थांबले. ते स्टुलावर बसले, आणि इतका वेळ बसले की कंडक्टरनं मान वळवून पाहिलं.

"हे वाक्य मी म्हणायचो," मास्तर हळू म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तुकड्या तुकड्यानं सांगितलं, मी ते जोडून सांगतो. त्यांच्या बायकोचं हृदय थकत चाललं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला दम लागायचा, तो वयाचा वाटायचा. संध्याकाळी तिचे घोटे सुजायचे, मग पोटऱ्या. आमचं पाणी वर चढतं, तिचं खाली उतरून बसत होतं. तिचे कपडे तिला घट्ट होऊ लागले. ती भित्री होती, दवाखान्याचं नाव काढलं की जेवण सोडायची. तेव्हा मास्तर दुपारी ती झोपली की तिचे कपडे उसवायचे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. त्यातलं सूतभर, दोन सूत सोडायचे आणि पुन्हा शिवून जिथल्या तिथं ठेवायचे. कपडा तिला बरोबर बसायचा. एखादा घट्टच राहिला आणि तिनं विचारलं, तर म्हणायचे, धुण्यात आटला असेल. ती बिनघोर राहायची. असं त्यांनी चार महिने केलं. एक दिवस शिवणीत सोडायला काही उरलंच नाही, तेव्हा ते तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सूज कधीपासून आहे? मास्तरांकडे वहीत तारखेसकट सगळं होतं. त्यांनी वही दाखवली. डॉक्टर ती वाचत राहिले आणि म्हणाले, एवढं मोजत होतात, मग आणलं का नाही?

मास्तरांनी खिशावरूनच वही चाचपली.

मी डोळे मिटून घेतले. डोकं सखल असलं की डोळ्यातलं पाणी गालावरून खाली येत नाही, उलट कपाळाकडे, केसांत जातं. ते कुणाला दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

थोड्या वेळानं मी विचारलं, "पट्टा तुम्ही आत घेतलात?"

"दोन्ही पायांचे. चार वेळा. अस्तराच्या आतून. बाहेरून दिसणार नाही."

"का मास्तर?"

त्यांनी माझ्या गुडघ्यामागे बोट ठेवलं. तिथला वळ आता दिसत नव्हता. "पहिल्या रात्री हाताला चैन पडेना. सैल कपडा अंगावर बघवत नाही मला. एवढंच होतं पाहुणे, दुसरं काही मनात नव्हतं. नियम आठवला तेव्हा टाके घालून झाले होते. मग उसवून तसाच ठेवला असता तर तुम्हाला पुन्हा रुतला असता."

मी त्यांच्याशी पहिल्यांदाच चिडून, पण दबक्या आवाजात बोललो. म्हणालो, कुणाला कळणार आहे? टाके आतले आहेत. तुम्ही बोलू नका, मी बोलणार नाही. साठ दिवस होतील, मी घरी जाईन, तुमची खोली तुम्हाला राहील, पुढचे सहा जण येतील. मला खरं सांगायचं तर त्यांच्या खोलीची जेवढी काळजी होती, त्याहून माझ्या सकाळी सहाची जास्त होती. अजून तीस सकाळी उरल्या होत्या.

मास्तर उठले. त्यांनी टेप गळ्यात घातली, वही खिशात घातली.

"वर जाईल तो पट्टा माझ्या मूळ मापाचा जाईल," ते म्हणाले. "कुणाच्या तरी मांडीवर तो नवव्या दिवशी घसरेल. तिथं त्याला आत घ्यायला कोण आहे? त्याच्या डोक्यात पाणी चढत राहील आणि खाली सगळे म्हणत राहतील, पट्टा चांगला आहे, तिसऱ्या खाटेवर पाहिलाय आम्ही."

ते दोन दिवस गप्प होते. मापं घेत, हात ठेवत, जात. एकतिसावा दिवस गेला, बत्तिसावा गेला. मला वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं. माणसाला जे हवं असतं ते त्याला लवकर खरं वाटतं. पण बत्तिसाव्या दिवशी ते मोजताना मला म्हणाले, श्वास सोडा. आणि मी सोडला, तरी ते टेप धरून थांबूनच राहिले. मग लक्षात आलं, श्वास त्यांनी स्वतःच धरून ठेवला होता.

तेहेतिसाव्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरबाई फोटोंची फाईल घेऊन आल्या. मास्तर दारातच उभे होते. त्यांनी बाईंना माझ्या खाटेपाशी यायला सांगितलं. माझा डावा पट्टा सोडला, स्टुलावर ठेवला, खिशातून लहान पातं काढलं आणि अस्तराची एक शिवण उसवली. आत इलॅस्टिकची घडी होती. तिच्यावर बारीक, एकसारखे टाके चार ओळींत. काय सुंदर काम होतं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या वाकलेल्या होत्या त्या तशाच वाकून राहिल्या.

"हे केव्हाचं?" त्यांनी विचारलं.

"नऊ, पंधरा, बावीस, एकोणतीस."

"बाकी खाटांचं?"

"नाही. एक आणि पाच शिवले तसे आहेत. उसवून बघा."

"नियम माहीत होता ना तुम्हाला?"

"माहीत होता बाई."

बाई सरळ झाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. "मास्तर, तीन आठवडे मी हे सगळ्यांना दाखवत सुटलेय. हा माणूस तेहेतीस दिवस उलटा पडलाय. ते वाया घालवलंत तुम्ही."

मी म्हणालो, "बाई, मीच म्हणालो होतो घसरतोय म्हणून." कुणी ऐकलं नाही. मास्तर फक्त "हो" म्हणाले. कशाला म्हणाले, वाया घालवण्याला की माझ्या बोलण्याला, ते मला कळलं नाही.

मग त्यांनी वही पुढे केली. कोणत्या दिवशी मांडी किती सूत उतरली, त्या रात्री पट्टा किती सूत आत घेतला, सगळं होतं. बाईंनी ती घेतली आणि उभ्याउभ्या पानं उलटली. एका पानावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. पण बोलल्या ते एवढंच, की वही त्या ठेवून घेत आहेत, आणि आजपासून मास्तरांनी कोणत्याही पाहुण्याला हात लावायचा नाही. पाहुणा हा शब्द बाईंनी मास्तरांचाच वापरला. खोली महिनाअखेरीपर्यंत ठेवता येईल असंही म्हणाल्या. मास्तर म्हणाले, त्याची गरज नाही.

त्या वहीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. पथक आलं, आमच्याकडे न येता बाहेरूनच गेलं. माझे पट्टे काढून टाकले गेले. आठवड्याभरात माझाही चेहरा इतरांसारखा फुगला आणि मिठाची चव गेली. साठाव्या दिवशी दोघांनी धरून मला उभं केलं, तेव्हा सगळं पाणी एकदम पायांकडे धावलं, खोली काळी झाली, आणि मी शुद्धीवर आलो तो पुन्हा आडवाच. पण हे नंतरचं. मला सांगायचंय ते त्या दिवशीचं.

दुपारी चारला मास्तर निरोप घ्यायला आले. बाईंनी येऊ दिलं, आणि स्वतः खिडकीशी पाठ करून उभ्या राहिल्या. हातात एक पिशवी, काखेत कापडात गुंडाळलेली कात्री. अंगात तोच सदरा, खांद्याला ढगळ, बाह्या मनगटाखाली आलेल्या. इतक्या लोकांचे बरोबर मापाचे कपडे शिवणाऱ्या माणसाला स्वतःचं माप कधी घेता आलं नव्हतं, आणि घेणारं कुणी राहिलं नव्हतं.

कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आमचं माप आता कोण घेणार? हे यंत्र तर नमस्कारसुद्धा करत नाही."

"यंत्राला सांगा, आधी श्वास सोड," मास्तर म्हणाले. एक-दोघं हसले.

माझ्याजवळ ते शेवटी आले. टेप गळ्यात नव्हती. ते स्टुलावर बसले नाहीत. माझ्या पोटरीकडे हात नेला, मध्येच थांबवला, खिडकीकडे पाहिलं. बाई तिकडेच पाहत होत्या, वळल्या नाहीत. मग त्यांनी हात ठेवला. टेप रोज आधी गार लागायची. त्या दिवशी हातच गार होता.

"आता कुठे राहाल?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "तुम्ही उभे राहाल त्या दिवशी घाई करू नका. आधी पाय सोडून बसा. पाण्याला उतरायला वेळ द्या."

"तुम्ही असायला हवे होतात."

"असतो," ते म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

ते दाराकडे निघाले. मी डोळे कपाळाकडे फिरवले. खोलीभर खाटा कुरकुरल्या, म्हणजे बाकीच्यांनीही फिरवले असणार. उलट्या नजरेला जमीन वर होती आणि छत खाली. मास्तरांचे पाय त्या वरच्या जमिनीला धरून एक एक पाऊल टाकत होते, ढगळ सदरा, वरच्या दिशेनं लोंबणारी पिशवी, आणि सगळ्यात खाली पांढरं डोकं. त्यांच्या अंगाला वजनच नसावं असे ते जात होते. दारापाशी ते थांबले, की मला तसं वाटलं. मग लांब बोळात त्यांची पावलं दिसली, बारीक होत गेली.

मान ताणून कपाळात रक्त भरलं, डोळे दुखू लागले, तरी मी पाहत राहिलो. खिडकीशी उभ्या बाईही आता वळल्या होत्या.